गारीगार काही गोठेना

"काही काही जणांना ना, फ्रीज उघडायला दोन हात असतात, लावायला मात्र एकही नसतो."

हे सुंदरम्मा फ्रीजला म्हणाली. अगदी आत डोकं घालून, त्याच्या कानात सांगावं तसं. फ्रीजपासून हातभर अंतरावर तिची थोरली जाऊ गुरम्मा विळीवर कलिंगड चिरत बसली होती. तिला ऐकू जावं म्हणूनच हे कानातलं बोलणं एवढ्या मोठ्यानं होतं.

गुरम्मानं मान वर केली नाही. कलिंगडाची एक फोड पातेल्यात पडली, टपकन.

"फ्रीजा," ती म्हणाली, "ज्यांच्या कोथिंबिरीची जुडी दारात अडकून दार उघडं राहतं, त्यांना सांग बाबा, कोथिंबीर आमटीत घालायची असते. दाराला तोरण म्हणून लावायची नसते."

सुंदरम्मानं कोथिंबीर आत ढकलली आणि दार असं आपटलं की दारात ठेवलेली शेजारच्या मथुराबाईची लोण्याची वाटी आतल्या आत नाचली.

शुक्रवार पेठेतल्या त्या माळवदाच्या घरात वर्षभर हे असंच चाललं होतं. दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि न बोलता राहणं तर दोघींच्याही स्वभावात नव्हतं. मग जे काय असेल ते फ्रीजला सांगायचं. तो घुर्र करून हुंकार द्यायचा, कुणाची बाजू घ्यायचा नाही, आणि इकडचं तिकडं सांगायचाही नाही. असं माणूस नात्यागोत्यात सापडलं असतं तर आणखी काय पाहिजे होतं!

गेल्या उन्हाळ्यात चूल वेगळी झाली. तिखटाचे डबे वेगळे झाले, जोंधळ्याची पोती वेगळी झाली, पाण्याचे पिंप वेगळे झाले. पण फ्रीज कापून वाटता येईना. सुताच्या धंद्यात एक साल बरं गेलं तेव्हा गुरम्माच्या नवऱ्यानं, थोरल्या सिद्रामप्पांनी तो आणलेला, गल्लीतला पहिला. तो माजघरात दोन स्वयंपाकघरांच्या दारांमधे उभा राहिला, तो तिथंच राहिला. वरचे कप्पे धाकटीचे, खालचे थोरलीचे. अगदी वरचा बर्फाचा कप्पा, छोट्या दाराचा, कुणाचाच नाही असं ठरलं. म्हणजे दोघींचा.

भांडणाचं मूळ विचाराल तर एक गारीगार. लाल रंगाचं, हातगाडीवरचं.

सुंदरम्माची मुलगी मायाक्का. आजीचं नाव ठेवल्यामुळं आठ वर्षांच्या पोरीला सगळी गल्ली आदरानं हाक मारते की काय असं वाटायचं. ती दुपारच्या वेळी रडत होती, "दोडव्वा, गारीगार पायजे." थोरल्या काकूला त्यांच्यात दोडव्वा म्हणतात. गुरम्माला मूल नव्हतं, आणि मायाक्काच्या रडण्यापुढं तिचं कधी काही चालत नव्हतं. तिनं गाडीवाल्याला थांबवलं. पोरीचे ओठ, हनुवटी, झगा, सगळं लाल झालं, आणि पोरगी हसली. दोन दिवसांनी तापानं फणफणली. दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, "पाणी कुठलं, बर्फ कुठला, रंग कसला, देवाला ठाऊक. बाहेरचं गारीगार बंद."

तिथंच, दवाखान्याच्या व्हरांड्यात, भेदरलेल्या सुंदरम्माच्या तोंडून एक वाक्य गेलं. "स्वतःचं असतं, तर दिलं असतं का?"

बास. पोरगी आठवड्यात उड्या मारायला लागली. ते वाक्य मात्र कुणी उचललं नाही. पडलं तिथंच पडून राहिलं, आणि सगळे त्याच्यावरून पाय उचलून जायला लागले.

गुरम्मानं त्या रात्री सिद्धेश्वराच्या तळ्याच्या दिशेनं हात जोडून नवस बोलला होता. पोरगी बरी होऊन आपल्या हातून पहिला घास घेईल, तोवर आपल्या जिभेला गोड शिवणार नाही. नवस बोलताना तिला वाटलं होतं, चार दिवसांचा प्रश्न आहे. पण दवाखान्यातून आल्यावर सुंदरम्मानं पोरीला बजावलं, "बाहेरचं खायचं नाही. आणि पलीकडचं पण नाही." पलीकडचं म्हणजे गुरम्माच्या स्वयंपाकघरातलं. झालं! तेव्हापासून गुरम्मा बिनसाखरेचा चहा पीत होती. नवऱ्याला तिनं सांगितलं, पित्त होतं. संक्रांतीला सांगितलं, दाढ दुखते. आंब्याच्या दिवसांत काय सांगावं हे तिला अजून सुचलं नव्हतं.

एवढ्यात बातमी आली. सुंदरम्माचा नवरा, गुरम्माचा धाकटा दीर शिवशरण, रेल्वेत होता. त्याची बदली झाली केम स्टेशनला. शाळा उघडायच्या आधी बिऱ्हाड हलणार.

"रेल्वेचं काय सांगता येतंय? आज हितं, उद्या तिथं," सिद्रामप्पा म्हणाले.

"वरनंच आली ऑर्डर," शिवशरण भिंतीकडं बघत म्हणाला.

"केम काय लांब नाही," सुंदरम्मानं फ्रीजला सांगितलं.

बदली वरून आली नव्हती. शिवशरणनं अर्ज करून मागून घेतली होती, हे स्टेशनावरच्या एका कारकुनानं सिद्रामप्पांना कधीच सांगितलं होतं. सिद्रामप्पांनी गुरम्माला सांगितलं. आपल्या नवऱ्यानं अर्ज केला हे सुंदरम्माला ठाऊक होतंच. म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि सगळे रेल्वेला शिव्या देत होते. त्या वर्षी गाड्या कधी नव्हे त्या वेळेवर धावत होत्या, पण या घरात रेल्वेला चांगलं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

गुरम्मानं शिवशरणला लहानाचा मोठा केला होता. ती लग्न होऊन आली तेव्हा तो चड्डीचा नाडा तिच्याकडून बांधून घेऊन शाळेत जायचा. आता तो ट्रंका बांधत होता. तिच्या मनात आलं, ही माणसं गेली की गेलीच. सणाला येतील, पाहुण्यासारखी पाट मांडून बसतील, निघताना नमस्कार करतील. आणि मायाक्का मोठी होईल, तिला दोडव्वा म्हणजे एक लाल रंगाचा ताप एवढंच आठवेल.

तेव्हा तिला ते सुचलं. बर्फाचा कप्पा! तो ना अलीकडचा, ना पलीकडचा. त्यातलं खायला पोरीला कुणी मनाई केलेली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी गुरम्मानं बाजारातून भीमेच्या वाळूतलं कलिंगड आणलं. फोडलं तर आत शेंदरी नाही, गुलाबी नाही, चांगलं रक्तासारखं लाल. रंगाची गरजच नाही. बिया काढल्या, फोडी पुरणाच्या चाळणीतून चोळल्या, लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ, आणि साखर. साखर अंदाजानं, बेतानंच, कारण चाखून बघायची सोय नव्हती. पाणी उकळून गार केलेलं. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या तासून आणल्या, त्याही उकळल्या. सिद्रामप्पा म्हणाले, "आता तेवढं मलाबी उकळून घे, म्हणजे झालं."

रस पातेल्यात झाकून ती खालच्या कप्प्यात ठेवायची. निवलेला रस लवकर धरतो असं तिचं मत. दुपार कलली की स्टीलच्या पेल्यांत ओतायची, मधे कामटी उभी करायची आणि पेले बर्फाच्या कप्प्यात सरकवायची. सकाळी गारीगार!

सकाळी मायाक्का चड्डीवरच धावत आली. छोटं दार उघडलं, पेला काढला, कामटी धरून ओढली. कामटी हातात आली. एकटीच. पेल्यात रस डुचमळला.

"दोडव्वा, ह्ये तर सरबत हाय की!"

"उद्या होईल गं," गुरम्मा म्हणाली. "कसं लागतंय ते तरी सांग."

मायाक्कानं एक घोट घेतला, डोळे मिटले. "लई गोड!"

गुरम्माचा चेहरा कलिंगडासारखा फुलला. दिवसभर ती स्वतःशीच हसत होती. लई गोड म्हणाली पोरगी.

पुढच्या सकाळी पुन्हा कामटी एकटीच आली. त्याच्या पुढच्या सकाळी वर जरा बर्फाची साय धरल्यासारखं वाटलं, खाली पुन्हा पाकच. ट्रंका मात्र एकेक करून भरत होत्या. ओसरीत त्यांची उतरंड चढत होती आणि फ्रीजमधलं गारीगार काही गोठेना.

घरात ज्याला त्याला कारण ठाऊक होतं.

"व्होल्टेज नाही," शिवशरण म्हणाला. त्यानं एक दिवस हात आत घालून घड्याळ लावून बघितलं, किती वेळात बोटं बधिर होतात. बोटं झाली. रस झाला नाही.

"दार सारखं उघडतंय कुणीतरी," सिद्रामप्पा म्हणाले आणि घाईनं दुकानाला गेले.

"फ्रीजा, तुझ्यात कुणाच्या कटकटीची ऊब साठलीय का रे?" सुंदरम्मा म्हणाली.

मथुराबाई लोणी न्यायला आली तेव्हा तिनं पेल्यात डोकावून बघितलं. तिचा भाऊ गारीगारची गाडी चालवायचा, त्यामुळं या विषयात तिचा शब्द शेवटचा. "आवो गुरम्मा, साखर लई झाली असंल. साखर लई झाली की कांडी धरत न्हाय. म्हनून तर आमचा भाव त्यात साखर घालतच न्हाय."

"मी बेतानं घालते," गुरम्मा तुटकपणे म्हणाली. "तुमच्या भावासारखं मला नका सांगू."

"ऱ्हायलं," मथुराबाई लोण्याची वाटी घेऊन म्हणाली. "मग दिष्ट लागली असंल. गल्लीत येकच तर फ्रीज हाय."

हे मात्र गुरम्माला पटलं. तिन्हीसांजेला तिनं मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या आणि फ्रीजवरून ओवाळल्या. आल्यागेल्याची, लोणी ठेवणाऱ्याची, दार आपटणाऱ्याची! मिरच्या चुलीत टाकल्या. जळक्या मिरचीच्या धुरानं दोन्ही स्वयंपाकघरं एकाच वेळी खोकायला लागली. वर्षभरात दोघींनी मिळून केलेली तेवढी एकच गोष्ट.

"फ्रीजा," सुंदरम्मा खोकत खोकत म्हणाली, "तुझी दृष्ट निघाली, आमचा जीव निघाला."

गुरम्माला हसू फुटलं. तिनं ते पदरात धरलं. पलीकडूनही खोकल्यात काहीतरी मिसळलेलं ऐकू आलं. ते हसू होतं की ठसका, हे फ्रीजलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी गारीगार पुन्हा गोठलं नाही. आणि हमाल परवा येणार असं ठरलं.

आता गुरम्माला एक वेगळीच गोष्ट टोचायला लागली होती. सकाळी ठेवलेलं पातेलं दुपारी जागेवरून हललेलं असायचं. झाकण उलटं असायचं. एकदा तर पळी ओली होती. मांजर? मांजराला पळी कशाला? कुणीतरी हात लावत होतं. तिच्या मनात नाही म्हटलं तरी एक काळं पाखरू येऊन बसलं. कुणाला नको असेल बरं, पोरीनं आपल्या हातचं खाल्लेलं?

त्या दुपारी तिनं रस केला, पातेलं ठेवलं, "मी जरा पडते गं बाई," असं भिंतीला मोठ्यानं सांगितलं, आणि निजायच्या खोलीत न जाता माजघराच्या कोपऱ्यात गेली. तिथं दुकानात न मावलेले सुताचे गठ्ठे रचलेले असायचे, छातीएवढे. त्यांच्यामागं ती उकिडवी बसली. वय पंचेचाळीस, गुडघे साठीचे. बाहेर ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटावं. सुताचे तंतू नाकाशी खेळत होते. आपण आपल्याच घरात चोरासारखं बसलोय, या विचारानं तिला एकदा राग आला आणि एकदा गुदगुल्या झाल्या.

पावलं वाजली. सुंदरम्मा. अनवाणी, मूठ झाकलेली.

गुरम्मा गठ्ठ्यांआड आणखी वाकली. हीच!

सुंदरम्मानं फ्रीज उघडून पातेल्याचं झाकण काढलं. बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "अय्यो, फिक्कं ढॅण." मग नेहमीसारखी फ्रीजशी बोलायला लागली. तिला वाटत होतं, आज खरंच फक्त फ्रीजच ऐकतोय. म्हणून आवाज बारीक होता. "फ्रीजा, वर्षभर साखर सोडलेल्या बाईनं गोड करायला घ्यावं, म्हणजे मुक्यानं लग्न जमवायला जावं. म्हणे पित्त! संक्रांतीला म्हणे दाढ! मला काय कळत नाही व्हय, कुणासाठी सोडलंय ते?" तिनं मूठ उघडली. साखर रसात पडली, चांगली मूठभर. पळीनं ढवळलं. "आज तरी गोठू दे रे बाबा. पोरगी आस लावून बसलीय. आणि... ती पण."

झाकण लावून ती गेली. उलटं लावून.

गुरम्मा सुताच्या गठ्ठ्याला टेकली. डोळ्यांपुढं सूत होतं की पाणी, तिला समजेना. ठाऊक होतं हिला! वर्षभर ठाऊक होतं! उठावं, बाहेर जावं, काहीतरी म्हणावं असं मनात येतंय तोवर पुन्हा पावलं वाजली.

सिद्रामप्पा. जेवायला घरी आलेले. धोतर सावरत इकडंतिकडं बघितलं, झाकण काढलं, पळीनं एक घोट मारला, जीभ टाळ्याला लावली. "बायकोनं केलंय, म्हणजे अजून थोडी लागणार," असं पुटपुटत त्यांनी अंगरख्याच्या खिशातून पुडी काढली आणि रिकामी केली. मग आणखी एक पळी घोटून, मिशा पुसून, साळसूदपणे हातपाय धुवायला गेले.

गुरम्मानं पदर तोंडात कोंबला.

पुडीचा कागद अजून जमिनीवर होता, तोच शिवशरण आला. रेल्वेचा पांढरा गणवेश, बूट हातात. हा चाखायच्याही भानगडीत पडला नाही. सरळ चहाच्या कपातून आणलेली साखर ओतली आणि फ्रीजला म्हणाला, "वहिनीचं एक गारीगार होऊ दे बाबा जायच्या आधी." घरात फ्रीजशी बोलणारे किती आहेत याचा गुरम्माला आजवर अंदाजच नव्हता.

हसू पोटात मावेना. गठ्ठे हलायला लागले. नाकात सूत गेलं होतं, शिंक कधीची तयार होती. आणि त्याच वेळी मागच्या दारानं मथुराबाई लोणी न्यायला आली. वाटी घेतली, जाता जाता सवयीनं पातेल्याचं झाकण उचललं, बोट घातलं, चाटलं. तिचे डोळे गोल झाले.

"आगं बया बया! ह्या कलिंगडात साखर हाय, का साखरंत कलिंगड हाय?"

"आ... आक्छी!"

सुताचे गठ्ठे शिंकले. मथुराबाईनं जी किंकाळी फोडली ती पार बाजारात ऐकू गेली असेल. लोण्याची वाटी उडून फ्रीजवर आपटली, आणि सगळं घर माजघरात धावत आलं. सिद्रामप्पा ओल्या पायांनी, शिवशरण एका बुटात, सुंदरम्मा लाटणं घेऊन, मायाक्का झोपेतून उठून. वरचे गठ्ठे घरंगळले आणि त्यांच्यातून गुरम्मा उभी राहिली. केसांना सूत, नाकाला सूत, पदर तोंडात.

मग गुरम्मानं बोट उचललं आणि एकेकाकडं दाखवत गेली. सुंदरम्माकडं. सिद्रामप्पांकडं. शिवशरणच्या हातातल्या चहाच्या कपाकडं. शेवटी स्वतःकडं. आणि खाली बसली, आणि हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली.

मायाक्काला सगळ्यात आधी कळलं. आईकडं, काकांकडं, वडलांकडं बघत ती ओरडली, "म्हंजे अव्वानं पण घातली? दोडप्पानं पण? अप्पानं पण? आणि दोडव्वानं पण?" ती नाचायला लागली. "सगळ्यांनी घातली! सगळ्यांनी रोज घातली!"

"मी म्हनलं व्हतं," मथुराबाई फ्रीजवरचं लोणी बोटानं गोळा करत म्हणाली. "साखर लई झाली की कांडी धरत न्हाय. पर माझं कोन ऐकतंय? शिकल्याली मान्सं. आवो, येका घरात ऱ्हाता, येकमेकाला इचारायचं तरी की, घातली का न्हाय म्हनून!"

यावर सगळे आपापल्या पायांकडं बघायला लागले. सुंदरम्मानं लाटणं उगाच पदराला पुसलं.

त्या संध्याकाळी दुसरं कलिंगड आलं, ते सुंदरम्मानं आणवलं. ते पहिल्या रसात मिसळल्याशिवाय इतकी साखर पातळ होणार नव्हती, आणि रस एवढा झाला की घरातले पेले पुरेनात. दोघी माजघरातच बसल्या, फ्रीजच्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला ती. एक चोळत होती, एक बिया काढत होती.

"फ्रीजा, लिंबू पुरे का म्हणावं?"

"फ्रीजा, अजून अर्धं पिळ म्हणावं."

"फ्रीजा, मी चाखलंय. आता साखरेला कुणी हात लावला तर लाटण्यानं मारीन म्हणावं," सुंदरम्मा म्हणाली.

"फ्रीजा, आमच्या थोरल्यांकडं बघून सांग," शिवशरण म्हणाला, आणि सिद्रामप्पांनी खिसे उलटे करून दाखवले.

वाट्या, फुलपात्री, मायाक्काचा बारशातला पेला, सगळं भरलं. शिवशरणनं दाढीचा मग पुढं केला तो तेवढा नाकारण्यात आला. बर्फाच्या कप्प्यातून मथुराबाईनं नुकतंच आणून ठेवलेलं ताक हलवावं लागलं, त्याबद्दल तिनं दोन गारीगार आधीच बोलून ठेवली. त्या रात्री दारावर मायाक्काचा पहारा होता. पहारेकरीण फ्रीजला टेकून झोपली आणि तिला उचलून नेताना सिद्रामप्पांनी दार उघडून बघायचा मोह कसाबसा आवरला.

सकाळी गुरम्मानं आतलं छोटं दार उघडलं. फुलपात्र बाहेर काढलं. वर धुक्यासारखी वाफ, बाजूंना पांढरं हिव. तिनं कामटी हळूच हलवली. हलली नाही. पाण्याच्या पातेल्यात फुलपात्र क्षणभर बुडवलं, कामटी धरली, फिरवली. आणि निघालं! लालभडक, टणक, टोकाला कलिंगडाची एक चुकार काळी बी, गालावरच्या तिळासारखी.

"गोठलं!" मायाक्का किंचाळली.

गुरम्मानं गारीगार पुढं धरलं. मायाक्काचा हात निम्म्यात थांबला. तिनं आईकडं बघितलं. पलीकडचं खायचं नाही. हे कप्प्यातनं घेतलेलं नव्हतं, दोडव्वाच्या हातातलं होतं.

गारीगार उन्हाळ्याच्या हवेत वितळायला लागलं. एक लाल थेंब गुरम्माच्या मनगटावरून कोपराकडं निघाला. ती हात मागं घेईना.

सुंदरम्मा फ्रीजकडं वळली. फ्रीजच्या दारावर हात ठेवला.

"फ्रीजा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीचा नव्हता, "पोरीला सांग, घे म्हणावं. दोडव्वाच्या हातातनंच घे."

मायाक्कानं ते असं ओढलं की कामटीबरोबर काकूचं बोटही तोंडात जाईल. ओठ लाल, हनुवटी लाल, झगा लाल. अगदी गेल्या वर्षीसारखं. दोघी जावा ते लाल बघत उभ्या राहिल्या, आणि दोघींनाही तेच आठवलं.

"गार! लई गार! दोडव्वा, तू पण खा की!"

गुरम्मानं एक गारीगार काढलं आणि जिभेला लावलं. वर्षभरानं! आधी नुसतं गार लागलं. मग त्या गारव्याच्या मागून गोड आलं, हळूच, वेशीवर थांबून विचारत आलेल्या पाहुण्यासारखं. तिचे डोळे भरले. "अय्यो, दाताला झिणझिण्या आल्या," ती म्हणाली, म्हणजे कुणी काही विचारू नये.

मग सगळ्यांनीच घेतलं. सिद्रामप्पांचं कामटीवरून निसटून धोतरात पडलं आणि ते उठून असे नाचले की मायाक्का हसून हसून भिंतीला टेकली. शिवशरण गारीगार चोखत मुलासारखा पाटावर बसला होता, गणवेशावर थेंब पडू नये म्हणून मान पुढं काढून. गुरम्मा नकळत पुढं झाली आणि पदरानं त्याची हनुवटी पुसली. तो लाजला. मथुराबाईनं आपली दोन घेतली, तिसरं "नातवाला" म्हणून घेतलं आणि दारातच खाल्लं. माजघरभर लाल थेंब, लाल बोटं, लाल तोंडं. बाहेर ऊन चढत होतं आणि घरात असा कल्ला की कुणाला वाटावं, लग्न आहे.

त्या कल्ल्यात ओसरीतून हाक आली. "शिवशरणसाहेब! ट्रंका न्यायच्या का? गाडा आणलाय!"

हमाल एक दिवस आधीच आला होता.

सगळे थांबले. मायाक्काच्या कामटीवरून शेवटचा तुकडा घसरला आणि फरशीवर पडला. कुणी उचलला नाही.

"रेल्वेचं काय सांगता येतंय," सिद्रामप्पा म्हणाले. पण तोंड लाल होतं, आणि वाक्य त्यांच्या तोंडून नीट बाहेर पडेना.

"वरनंच..." शिवशरण म्हणाला, आणि पुढचं त्यालाही सापडलं नाही.

सुंदरम्मा फ्रीजचं दार उघडून उभी राहिली. आत काही शोधत नव्हती. "फ्रीजा," ती म्हणाली, "केमला असलं काही व्हायचं नाही बघ. तिथं फ्रीज नाही. आणि... गेल्या साली मी जे बोलले ना, व्हरांड्यात... ते... फ्रीजा..."

फ्रीज घुर्र करून थांबला. त्याच्याकडून काही उत्तर येणार नव्हतं, आणि आता ते कुणाला हवंही नव्हतं.

गुरम्मानं उरलेली कामटी खाली ठेवली. चिकट हात लुगड्याला पुसले. चार पावलं टाकली, सुंदरम्माच्या हातातलं फ्रीजचं दार घेतलं आणि लावून टाकलं. मग त्याच्याकडं पाठ केली आणि वर्षभरात पहिल्यांदा जावेच्या डोळ्यांत बघितलं.

"सुंदरा," ती म्हणाली, "बदली रेल्वेनं नाही केली. ती तुम्ही मागितलीत, आणि मागायची पाळी या घरानं आणली. अर्ज माघारी घ्या. जाऊ नका तुम्ही."